भोकाचं पान

नंदनवन वस्तीतल्या गोपिकाबाईंना कुणी मुलं किती म्हणून विचारलं, तर त्या दोन सांगत आणि तिसरं म्हणून कुंडीतल्या मॉन्स्टेराकडे बोट दाखवत. या वेलाच्या मोठाल्या पानांना आपोआप भोकं पडतात, हे त्यांनी फुलांच्या प्रदर्शनात पाहिलं होतं आणि तिथूनच एक कांडी मागून आणली होती. कांडी फोफावली, पानं सुपाएवढी झाली, पण भोक काही पडेना. शेजारच्या प्रयागबाई येता-जाता चिडवत, हा अळूच आहे, वड्या करून टाक. गोपिकाबाई हट्टाला पेटल्या. भोकाचं पान दाखवीन तेव्हाच नावाची, असं त्यांनी गल्लीदेखत सांगून टाकलं.

ब्याऐंशीच्या मे महिन्यात त्यांनी घरातला एकुलता एक कूलर झाडाकडे वळवला. नवरा पंख्याखाली घाम पुसत बसला. बोलून उपयोग नाही, हे त्याला ठाऊक होतं.

अशात गावाहून सासरे आले, देवराव. सारा जन्म कपाशीत गेलेला माणूस. त्यांची खाट कूलरपुढे, झाडाला लागूनच टाकली.

सकाळी गोपिकाबाई पाहतात तो काय, गुंडाळलेलं नवं पान उलगडलेलं आणि त्याला चांगली ठसठशीत भोकं! त्यांच्या अंगात वारंच शिरलं. स्टोव्हवरचा चहा तसाच टाकून त्या अनवाणी प्रयागबाईंकडे धावल्या. प्रयागबाईंच्या मागोमाग अर्धी गल्ली आली.

झाडावर पान नव्हतं. नुसता देठाचा खुंट होता.

गोपिकाबाईंना रडूच फुटलं. देवराव मात्र खुशीत होते.

"कीड लागली होती वं सूनबाई. म्या येळेवर खुडलं, नाहीतर साऱ्या झाडात पसरली असती."

कपाशीवर त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं. आता पान मांडीवर पसरून, चष्मा लावून ते उलटंसुलटं करत होते.

"पण अळी काही सापडून नाही राहिली," ते म्हणाले.

प्रयागबाईंनी पान हातात घेतलं. भोकात बोट फिरवून पाहिलं. कडा गुळगुळीत होत्या, कुरतडल्याची खूण कुठेच नव्हती.

"जितली वं बाई तू," त्या म्हणाल्या आणि पान घेऊन गल्लीभर दाखवायला निघाल्या. गोपिकाबाई रडता रडता हसू लागल्या.

मग सगळ्यांनी मिळून देवरावांना भोकांची गोष्ट समजावली. भर दुपारी, बाहेर ऊन पेटलेलं असताना, त्यांनी आपली खाट ओढत व्हरांड्यात नेली. कूलर सोडून इथं काहून, असं गोपिकाबाईंनी विचारलं.

"त्याले हवा लागू दे," घाम पुसत देवराव म्हणाले. "पुढचं पान पाह्यल्याबिगर मी गावाले जात नाही."