श्रीपतनं भिंत का पुसली

श्रीपतच्या पोरीनं, दीप्तीनं, औषध घेतलं, असं आमच्या गावात बोललं जायचं. औषध म्हणजे शेतात फवारतात ते. ताप वगैरे मागाहून जोडलेलं, खरं कारण वेगळंच आणि ते कारण खोपोलीला टेंपो चालवतं. हे सगळं अर्थात आवाज खाली आणून, इकडंतिकडं बघून आणि ‘माझं नाव घेऊ नका’ असं बजावून. आमच्याकडं असं बजावलेली बातमी दिवस मावळायच्या आत पळसदरी स्टेशनावर पोचलेली असते.

तो टेंपोवाला कुणी पाहिला नव्हता. त्यामुळं त्याला वाढायला भरपूर जागा होती. आधी तो नुसता टेंपोवाला होता. महिन्याभरात त्याच्या मालकीचे दोन टेंपो झाले. शिमग्यापर्यंत त्याची जात ठरली, शिक्षण झालं आणि शेवटी शेवटी तर तो खालापूरकडच्या एका कंपनीत इंजिनियर होता. माझ्याच ओट्यावर बसून त्याला लोकांनी नोकरीला लावलं, मला ठाऊक नसायला काय झालं!

पण गावाकडं एक पुरावा होता. चंद्राबाईनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिचं भाताचं खाचर श्रीपतच्या परसाला लागून. पोरीला अग्नी देऊन माणसं परतली, घरात बायांचा आक्रोश चाललेला आणि हा बाप कुणाशी न बोलता मागच्या दारानं परसात गेला. तिथं पाण्याचं एक निळं पिंप होतं. त्यात वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पिंप लोटून दिलं, आतून काथ्यानं घासलं, उपडं घातलं. आणि मग फडकं ओलं करून पिंपामागची भिंत पुसायला लागला. चुना निघून खालची माती दिसेस्तोवर पुसली.

“भिंत कोन पुसतं रं अशा वक्ताला?” चंद्राबाईनं विचारलं, आणि उत्तरही तिनंच दिलं, “पोरीनं कायतरी लिवलं आसंल.”

झालं. पिंपात औषध कालवलेलं होतं आणि भिंतीवर त्या टेंपोवाल्याचं नाव होतं. गाव मोकळं झालं.

आता हा श्रीपत कोण, ते सांगतो. आमच्या उपकेंद्राचा आरोग्य सेवक. बौद्धवाडीतला. उभा जन्म त्यानं लोकांची भांडी पालथी घालण्यात काढला. हिवताप, डेंगू ही त्याची खाती. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा, म्हणजे घरातलं साठवलेलं सगळं पाणी ओतून भांडी सुकवायची, असा सरकारी नियम. आणि श्रीपत तो नियम अंगात आल्यासारखा पाळून घ्यायचा. खांद्याला पिशवी, पिशवीत बॅटरी आणि गप्पी माशांची बरणी. जिथं पाणी ओतता येणार नाही तिथं मासे सोडायचे. मासे डासांच्या अळ्या खातात.

आमच्याकडं नळाला पाणी येतं ते त्याच्या लहरीनं. बाई दोन तास रांगेत उभी राहून पिंप भरते आणि हा येऊन म्हणतो, ओता. शिव्या तर ठरलेल्याच.

“श्रीपत, मुडद्या, तुझ्या बापानं भरलं व्हतं का पानी?” चंद्राबाई कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

“बापानं नाय काकी, पन तुमचा नातू माझ्या बापासारखा हाय. त्याला ताप आला तर मलाच पळायला लागंल ना?”

“गोड बोलून पानी ओततोय बग मेला!” म्हणत ती स्वतःच पिंप लोटायची.

धरणाच्या अंगाला मुंबईकरांचे बंगले झालेत. शनिवारी येतात, रविवारी जातात, पोहायच्या टाकीतलं पाणी मात्र आठवडाभर राखणदारासारखं बसून असतं. श्रीपतनं एका मंगळवारी त्यात बरणीभर मासे सोडून दिले. शनिवारी मालकाची पोरं टाकीत उतरली ती किंचाळतच बाहेर आली. मालक तणतणत उपकेंद्रावर. “माझ्या पोराच्या चड्डीत मासा निघाला!”

श्रीपत शांतपणे म्हणाला, “साहेब, मासा चावत नाय. चावतो तो डास.” आणि वर हात पुढं करून, “मासा परत आनलाय का? सरकारी हाय.”

हे मी पळसदरीपासून कर्जत बाजारापर्यंत किती वेळा सांगितलं असेल! दर खेपेला मासा थोडा मोठा होत गेला, एवढंच.

त्याच्या हाताखाली साईनाथ नावाचा पोरगा लागला होता, कंत्राटी. श्रीपतनंच त्याला घडवला. घर तपासून झालं की भिंतीवर खडूनं तारीख आणि सही करायची, म्हणजे वरचा साहेब आला तरी कळावं आणि घरच्यांनाही. त्यात श्रीपतचा स्वतःचा एक कायदा होता: आपलं घर आपण तपासायचं नाही. “मानूस सोताच्या घराला नेहमी पास करतो,” असं म्हणायचा. म्हणून साईनाथचं घर श्रीपत बघायचा आणि बौद्धवाडी साईनाथकडं. एकदा साईनाथच्या आईच्या तुळशीजवळच्या हंडीत अळ्या निघाल्या तर श्रीपतनं ती हंडी उचलून वाडीभर दाखवली. पोरगा आठवडाभर मान वर करत नव्हता. पण त्याला श्रीपतचा राग नव्हता. तो श्रीपतला दादा म्हणायचा, आणि ‘दादा’ म्हणताना त्याचा आवाज देवळात गेल्यासारखा व्हायचा.

दीप्ती श्रीपतची धाकटी. कर्जतला कॉलेजात जायची. बापाची टिंगल करायचा मक्ता घरात तिच्याकडं. पाणी पिऊन झालं की पेला ताटाशेजारी उपडा घालायची आणि सलाम ठोकायची, “साहेब, पालथा घातलाय, तपासून घ्या!” श्रीपत पेला उचलून खाली बघायचा आणि म्हणायचा, “पास.” तिच्यासाठी त्यानं त्या वर्षी परसात न्हाणीघर बांधायला काढलं होतं. ते निळं पिंप त्याच कामाचं, भिंतीवर पाणी मारायला आणलेलं.

कोविड सरून दोन पावसाळे झाले होते. भात कापणीला आलं आणि तालुक्यात तापाची साथ उसळली. श्रीपतची रजा बंद. सकाळी अंधारात जायचा, रात्री यायचा. घरोघर तो एकच गोष्ट घसा फोडून सांगत होता, “ताप उतरला म्हंजे बरं झालं असं समजू नका. ताप उतरल्यावरच जपायचं!” आणि त्याच्याच घरी दीप्तीचा ताप उतरला. “आये, भूक लागली गं,” म्हणून ती उठून बसली, दोन घास जेवली. चिमाला, श्रीपतच्या बायकोला, हायसं वाटलं. बाप तेव्हा डोंगराकडच्या वाडीत होता, तिथं फोन लागत नाही. तो येईस्तोवर पोरीचे हातपाय गार पडले होते. रुग्णवाहिका आली, पण पनवेल यायच्या आधीच सगळं संपलं.

रक्त तपासलेलं होतं. कागदावर डेंगू लिहिलं होतं. पण ऐका गंमत. गंमत कसली म्हणा! गावाला ते पटलंच नाही. श्रीपतच्या घरात डेंगू? जो माणूस दुसऱ्याच्या देवघरातला तांब्या पालथा घालतो त्याच्या घरात डास? शक्यच नाही. तुम्ही बघा, त्या पोरीच्या नावाला जो डाग लागला तो श्रीपतच्या चांगल्या कामानंच लागला. तो कामचुकार असता तर लोकांनी डेंगूवर लगेच विश्वास ठेवला असता.

श्रीपत पहिल्यांदा सांगायचा, “डेंगूनं गेली.” लोक मान डोलवायचे, एकमेकांकडं बघायचे. पुढं त्यानं सांगायचं सोडलं.

वर्ष उलटलं आणि मोठ्या मुलाचं, प्रबुद्धचं, बघायला लागले. बघायचं तरी काय, त्यानं आधीच बघितलेलं होतं. कुंभिवलीची मेघा, कंपनीत एकाच पाळीला. पोरगी गुणाची, घरची माणसं चांगली. नुसतं रीतीप्रमाणं बोलणं करायचं होतं. श्रीपतकडून घरची माणसं, वाडीतले दोघं, मी आणि साईनाथ. मेघाकडून तिचे वडील आणि आत्या. आत्या बोलायला एकदम फटकळ, मला तर बघताक्षणी आवडली.

चहा झाला. आत्यानं बशी खाली ठेवली. “एक विचारते, राग मानू नका. आमच्या पोरीला ज्या घरात द्यायची त्या घरातली पोर कशानं गेली?”

“डेंगूनं,” श्रीपत म्हणाला.

“लोकं वेगळं बोलतात.”

“बोलू दे. परसात पिंप व्हतं, त्यात पानी साचलं व्हतं. अळ्या झाल्या. चूक माजी हाय.”

“तुमच्या घरात अळ्या!” आत्या हसलीच. “आवो, तुमचा दरारा कुंभिवलीपर्यंत ऐकलाय आमी. बरं, अळ्या तर अळ्या. पिंप घासलं, बरोबर. पन भिंत का पुसली?”

चिमानं पदर तोंडाला लावला. प्रबुद्ध बापाकडं बघत होता. त्या एका प्रश्नावर त्याचं लग्न अडलं होतं आणि मेलेल्या बहिणीचं नावही. श्रीपत जमिनीकडं बघत होता. साईनाथ उठला, “जरा पानी घेतो,” म्हणून आत गेला, आणि आतच राहिला.

“आप्पा, सांगा की,” प्रबुद्ध म्हणाला. “काय लिवलं व्हतं तिनं?”

“तिनं काय लिवलं नव्हतं.”

“मंग का पुसली?”

“घान झाली व्हती,” श्रीपत म्हणाला.

आत्यानं पिशवी उचलली. उंबऱ्यात थांबून ती हळू आवाजात बोलली, मघाच्यासारखी नाही, “दादा, खरं सांगितलं असतं ना, कसं पन असतं, तरी दिली असती पोर. लपवनाऱ्या घरात कशी देऊ?”

मेघाचं लग्न पुढं बदलापूरकडं झालं. प्रबुद्धनं चाकणला नोकरी धरली. आईला फोन करायचा. बापानं फोन घेतला तर, “आयेला द्या,” एवढंच.

श्रीपत निवृत्त झाला तरी बरणी सुटली नाही. घरामागं त्यानं सिमेंटची टाकी बांधून गप्पी मासे पाळले आणि गावभर वाटत फिरायचा. एक बदल मात्र मी टिपला होता. पूर्वी तो भिंतीवरची तारीख वाचून पुढं जायचा. आता तारखेकडं बघायचाच नाही. बाही वर सारून प्रत्येक पिंपात कोपरापर्यंत हात घालायचा.

“अरे, परवाच तपासलंय, भिंतीवर हाय बग,” मी एकदा डिवचलं.

“भिंतीला काय कळतंय, अण्णा?” म्हणाला आणि हात झटकून पुढं गेला.

गेल्या पावसाळ्यात तो गेला. टाकीजवळ बसला होता, बसल्या जागी कलंडला. प्रबुद्ध आला, विधी केले, अंगणात बसून राहिला. दीप्तीच्या पेल्यासारखाच चिमानं श्रीपतचाही पेला फळीवर उपडा घालून ठेवला.

जलदानाचा, म्हणजे त्यांच्यातल्या दिवसांचा, कार्यक्रम झाल्यावर साईनाथ माझ्या ओट्यावर आला. आता तो कायम झालाय. माझी सवय तुम्हाला ठाऊक झाली आहे, मी चिमटा काढलाच, “काय रं, गुरू गेला, आता कुनाच्या हंड्या फोडनार?”

तो हसला नाही. बसला आणि सगळं सांगितलं. मी आयुष्यात पहिल्यांदा मधे तोंड घातलं नाही.

“त्यांना एकदा पन बोललो नाय, अण्णा. त्यांनीपन कवा विचारलं नाय. त्या दिवशी आत पानी प्यायला गेलो ना, तवा वाटलं आता बाहेर जाऊन बोलावं. पन कंत्राट जाईल, आई काय म्हनंल... आता प्रबुद्धच्या पाया पडून आलोय. तो परसात जाऊन त्या भिंतीकडं बघत उभा राह्यला.”

“मंग मला का सांगतोस?”

“तुमी टेंपोवाल्याला इंजिनियर केलात. आता हे पन सांगा. माझं नाव घेऊन सांगा. तुमच्या तोंडून गेलं म्हंजे गावभर जाईल.”

म्हणून सांगतो. यात माझ्या पदरचं काही नाही.

टेंपोवाला नव्हता. दीप्तीनं औषध घेतलं नव्हतं. ती डेंगूनं गेली. परसातल्या पिंपात अळ्या झाल्या होत्या. पिंपामागच्या भिंतीवर त्याच आठवड्याची तारीख आणि साईनाथची सही होती. दादांच्या घरात काय बघायचं, म्हणून तो पिंपात न बघताच दर आठवड्याला ती लिहायचा. श्रीपतनं, त्यानंच दुसऱ्या दिवशी साईनाथला सांगितलं तसं, रात्री घरी आल्यावर बॅटरीच्या उजेडात ती तारीख वाचली होती आणि तो झोपायला गेला होता. साईनाथची नोकरी जाऊ नये म्हणून त्यानं ती पुसली.