आक्का कॉलेजं बघायला निघतात

आमच्या थोरल्या नणंदबाईंएवढी काळजी करणारी बाई अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात सापडायची नाही, आणि सापडलीच तर त्या तिचीही काळजी करत बसतील. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. गाडी दुपारची असली तरी आक्का सकाळचा चहा फलाटावर घेणार. सोलापुरात पाऊस तो केवढासा, पण त्यांच्या पिशवीत बारा महिने दोन छत्र्या. एक हरवली तर दुसरी असावी म्हणून. आणि घरात पत्र्याच्या डब्यात कडक भाकऱ्यांची चळत कायमची. कुणी पाहुणा टपकेल, गॅस संपेल, सुनेला ताप येईल, काही सांगता येतं का? "ताजी मिळाली तर देवाची कृपा, न्हाई तर डब्यातली हाय की," हा त्यांचा धर्म. एकदा माझ्या घरी जेवायला आल्या, तर पिशवीत रुमालात बांधलेल्या दोन भाकऱ्या! मी म्हटलं, "आक्का, माझ्यावर विश्वास नाही होय?" तर म्हणतात, "तुझ्यावर हाय गं वैनी. तुझ्या गॅसवर न्हाई."

नात्यातल्या निम्म्या सोयरिकी आक्कांनी जमवलेल्या. त्यात त्यांची रीत ठरलेली. मुलीसाठी स्थळं बघायची ती तीन थरांची. उंचावरच्या स्थळाला विचारायला लाजायचं नाही, तोलामोलाचं सोडायचं नाही, आणि एखादं नक्की हो म्हणणारं हातात असल्याशिवाय झोपायचं नाही. स्थळ बघायला गेल्या की पोहे राहतात बाजूला, आक्का पाणी प्यायच्या निमित्तानं थेट परसात जाणार, भिंतीपलीकडच्या शेजारणीशी बोलून येणार. "पुढची खोली सगळेच झाडत्यात," असं त्यांचं म्हणणं. आणि शेवटचा नियम म्हणजे समोरच्यानं कितीही गोड विचारलं तरी जागेवर हो म्हणायचं नाही. घरी विचारून सांगतो म्हणायचं. त्यानं मुलीची किंमत राहते.

तर अशा या आक्कांची नात, गौरी, बारावीला गेली आणि तिनं जाहीर केलं की मला आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचेत. घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. गौरीनं समजावलं, "आज्जी, दोन देशांचं पटतं कशानं, बिनसतं कशानं, भांडणं मिटवायची कशी, ते शिकायचं." आक्का म्हणाल्या, "म्हंजे व्याही-व्याह्यांचंच की! त्याला कॉलेज कशाला, चार लग्नं जमव." पण पोरगी हसली नाही, तेव्हा आक्कांना कळलं की ही मनावर घेतलेली गोष्ट आहे. आणि आक्कांनी कॉलेजांची यादी मागितली.

यादी ऐकून त्या हबकल्याच. गौरीनं निवडलेली कॉलेजं सगळी डोंगराच्या टोकावरची. दोन परदेशातली, तीही शिष्यवृत्ती मिळाली तरच, आणि एक दिल्लीतलं, जिथं देशभरातली पोरं धडका मारतात. बस्स. आक्कांनी कपाळावर हात मारला. "अय्यय्यो! सगळी राजवाड्यातलीच स्थळं? आणि सगळ्यांनी न्हाई म्हटलं तर पोरगी घरात बसणार काय?" मग स्वतःच पदर खोचून निघाल्या, आणि सोबतीला मी. वयाची सत्तरी उलटलेल्या दोघी पुण्याला कॉलेजं बघायला, पुढं गौरी, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं.

पहिल्या कॉलेजात तिथल्या बाई माहितीपुस्तक दाखवत होत्या, तोवर आक्का गायब. सापडल्या कुठं, तर वसतिगृहाच्या मागं, दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या एका मुलीपाशी. "बाळा, मास्तर तासाला येत्यात का? पोळी कच्ची असते का?" अशी चौकशी चाललेली. त्या मुलीनं सांगितलं की आंतरराष्ट्रीय संबंधांचं नाव पाटीवर मोठं आहे, पण तो विषय शेवटच्या वर्षाला, तोही एकच. आक्का परत आल्या आणि त्या बाईंना गोड हसून म्हणाल्या, "घरी विचारून सांगतो हं." फाटकाबाहेर पडल्यावर म्हणतात, "बेडा. नको हे. पुढची खोली झाडलेली नुसती." दुसरं मात्र दोघींनाही आवडलं. पहिल्या वर्षापासून विषय होता, परकी भाषा शिकवत होते, आणि पोळी कच्ची नव्हती. गौरीच्या मार्कांना ते तोलामोलाचं बसलं. तसंच एक बंगळूरचं निघालं, जरासं वरच्या अंगाचं. तितं आपल्यागत कन्नड बोलतात, पोरगी उपाशी मरायची न्हाई, म्हणून आक्कांनी ते न बघताच पसंत केलं.

राहिलं हातातलं. ते आक्कांनी आधीच ठरवून ठेवलेलं, घरापासून चालत जाण्याजोगं सोलापूरचंच कॉलेज.  त्या दिवशी जेवताना गौरी हळूच म्हणाली, "आज्जी, तुझ्या डब्यातली भाकरी मला आवडते, म्हणून वेळेला खाते. न आवडणारी भाकरी तू डब्यात ठेवशील का गं? तिथं मला हवं ते शिकवतच नाहीत." आक्का किती तरी वेळ डब्याच्या झाकणावरून हात फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "काढून टाक ते. तुज्या मनाचं एक हातातलं शोधू." आणि शोधलंही, पुण्यातलंच एक लहानसं, नक्की घेणारं, आणि गौरी हसून जाईल असं. पण मी त्यांच्याकडे बघत होते. संध्याकाळी घरी परत येण्याजोगं कॉलेज सगळ्यांत ते सोलापूरचं एकच होतं.

पुढचे महिने आक्कांनी जे काढले ते काय सांगू! पोस्टमन दिसला की दाराशी धावायच्या, आणि पत्रं येणार होती ती फोनवर. परदेशातल्या एका कॉलेजानं संगणकावर मुलाखत घेतली, तेव्हा आक्का आणि मी दाराआड उभ्या. तिकडून विचारलं, आम्ही निवडलं तर येशील ना? आणि आमची शिकवलेली पोरगी मान खाली घालून इंग्रजीत म्हणाली की घरी विचारून सांगते! मी अर्थ सांगितला तशी आक्कांनी समाधानानं मान हलवली. मला मात्र वाटलं, ही काय सोयरीक आहे होय!

त्यांचा नकार आला. मग दुसऱ्याचा, मग दिल्लीचा. आक्कांनी अन्न सोडलं. "माज्या शिकवणीनं गेलं गं वैनी. हो म्हणायचं तितं मी तोंड धरलं पोरीचं." गौरीच त्यांना समजवायची, की दुसऱ्यांनी तर काही न विचारताच नाही म्हटलंय, आज्जी. पण आक्कांना ते पटेना. मग एका दुपारी पुण्याच्या लहान कॉलेजाचा होकार आला, आणि पोरगी ओसरीभर नाचली. आक्का त्या दिवशी जेवल्या. आठवड्यानं पुण्याच्या त्या तोलामोलाच्या कॉलेजाचा आला, आणि मग बंगळूरचा. या वेळी गौरीनं फोन हातात धरला आणि आज्जीकडे बघितलं. आक्का म्हणाल्या, "बघतीस काय? हो म्हण की लगेच बंगळूरला!"

जायच्या दिवशी गौरी आणि तिचे वडील सामान घेऊन पुढं गेले. आक्का आणि मी मागून रिक्षानं जाणार होतो, भाकऱ्यांचा डबा घेऊन. पण आक्का निघेनातच. गॅस बघायला आत गेल्या, नळ बघायला गेल्या, चटणीची पुडी राहिली म्हणून पुन्हा गेल्या. मी नुसती दारात उभी. स्टेशनात पोचलो तेव्हा गाडीनं शिट्टी दिलेली. गौरी डब्याच्या दारात रडवेली उभी होती. "आज्जी, तू आणि उशिरा?"

"रिक्षा मिळाली न्हाई गं बाळा," आक्का धापा टाकत म्हणाल्या आणि भाकऱ्यांचा डबा तिच्या हातात दिला. रिक्षाचा थांबा त्यांच्या घराच्या अगदी समोर आहे. 

गाडी गेली. फलाट मोकळा झाला. आक्का बाकावर बसल्या, पिशवीतल्या दोन्ही छत्र्या नीट केल्या, आणि म्हणाल्या, "वैनी, दिवाळीला येईल ती गाडी कुठल्या फलाटाला लागते, विचारून ठेव बाई. आपण जरा आधीच येऊन बसू."