बाहेरून शिवण

तान्ह्या बाळाचं माप ती पट्टीने घ्यायची नाही. बाळाच्या डोक्यावर तळहात ठेवायची, तो हळूहळू मानेपर्यंत खाली आणायची आणि म्हणायची, "झालं." एवढ्यावर चार दिवसांत कुंची तयार व्हायची. ती बाळाला बसली नाही असं कधी ऐकलं नाही.

तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल. दिसण्यात काही विशेष नसतं, पण ओळखीतली निम्मी पोरं तिच्या हातचं काहीतरी घालून मोठी झालेली असतात.

डोंबिवलीला गाउन शिवायच्या कारखान्यात आम्ही एकत्र होतो. ती मशीनवर आणि मी धागे कापायला. तिच्या मशीनवरून गाउन सुटला की तो माझ्या मांडीवर यायचा. मला फारसं बोलता येत नाही. तिला ते चालायचं. ती बोलायची, मी मान हलवायचे आणि तेवढ्यात आमचे डबे संपायचे.

शेठला विचारून ती कात्रण घरी न्यायची. त्यातून मैत्रिणींसाठी बटवे आणि त्यांच्या पोरांसाठी कापडी खेळणी करायची. एकदा कारखान्यातल्याच एकीच्या मुलाला हत्ती दिला. सोंडेपर्यंत येताना कापड संपलं, म्हणून सोंड बोटाएवढीच झाली. मुलगा त्याला डुक्कर म्हणायला लागला. आम्ही सगळ्या हसलो. ती म्हणाली, "डुक्कर तर डुक्कर. झोपताना कुशीत घेतो ना?"

तान्ह्यांची झबली मात्र ती जुन्या, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या साडीचीच शिवायची. आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची. कारखान्यात नवीन आलेल्या एका मुलीने एक झबलं हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, उलटं शिवलंय. चष्मा बदला आता."

ती म्हणाली, "बघणाऱ्याला टोचली तर टोचू दे गो. बाळाला नको." मग ते झबलं आतून स्वतःच्या गालावर फिरवून बघितलं आणि घडी घातली.

बाळ जन्मायच्या आधी काही शिवायचं नाही, हे आमच्याकडे बहुतेक घरांत पाळतात. ती फारच पाळायची. पोटुशी बाई हौसेने साडी घेऊन आली तर साडी ठेवून घ्यायची, पण कात्री लावायची नाही. "आधी येऊ दे त्याला," म्हणायची. "डोकं हाताखाली आल्याशिवाय मला कसं कळणार?"

माझी मुलगी ठाण्याला वर्तकनगरला दिलेली आहे. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं. त्या वेळी मी आधीच दुपटी आणि स्वेटर घेऊन ठेवले होते. ते पुढे कुणाला तरी देऊन टाकले. कुणाला दिले ते आता आठवत नाही. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मुलीने फोनवर सांगितलं, की आई, यावेळी काही आणायचं नाही, तुझ्या घरातसुद्धा नको. मी बरं म्हटलं. हे सगळं माझ्या या मशीनवरच्या मैत्रिणीला माहीत होतं. मी डब्याच्या वेळी एवढंच काय ते बोलले होते.

त्याच सुमारास तिच्या पोटात गाठ निघाली. ती ठाण्याला दवाखान्यात जायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन मशीनवर बसायची. पायाखाली मशीन पूर्वीसारखंच चालायचं. फक्त डब्यातली पोळी ती मला द्यायला लागली.

एके दिवशी जेवताना तिने पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली. आत कुंची होती. पिवळ्या सुती साडीची, बटण नाही, नुसत्या नाड्या. मी विचारलं, कुणाची?

"तुझ्या लेकीच्या बाळाची. अंदाजाने शिवली. अशी पहिल्यांदाच शिवली मी."

मुलीला तेव्हा सातवा महिना चालू होता. माझा हात पुढे गेला नाही.

तिने कुंची मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "तेव्हा मला जमेल न जमेल, म्हणून केली."

मी म्हटलं, "ती घाबरेल."

"बरं," ती म्हणाली. पुडी परत बांधली. लोणचं हवं का म्हणून विचारलं. मी घेतलं. मग घंटा झाली आणि आम्ही कामाला लागलो.

पुढच्या महिन्यात ती यायची बंद झाली. मी एकदा कल्याणला तिच्या घरी जाऊन आले. ती आणि तिची भावजय अशा दोघीच राहायच्या. ती भिंतीला टेकून बसली होती. शेठने नवीन मशीन आणलं का, तुझ्यासमोर आता कोण बसतं, असं विचारत होती. निघताना म्हणाली, "लेक बरी आहे ना?" मी बरी म्हटलं. कुंचीचं ती बोलली नाही आणि मीही नाही.

ती गेली तेव्हा मी कारखान्यातून सगळ्यांबरोबर गेले आणि सगळ्यांबरोबर परत आले. मला रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

मुलगी नंतर सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. तेव्हा कुठे मी लेकीला कुंचीचं सांगितलं. दवाखान्यात बाळाला माझ्याकडे देताना माझी लेक म्हणाली, "आई, त्या मावशींची कुंची आण आता."

मी कल्याणला गेले. भावजयीने कपाटातून तीच पुडी काढून दिली. मी उघडली तर आत कुंची नव्हती. टोपीची पट्टी वेगळी, पाठीचा घोळ वेगळा, नाड्या वेगळ्या. सगळं सपाट करून एकावर एक ठेवलेलं.

भावजय म्हणाली, "तुम्हाला दाखवून आल्या त्याच दिवशी माझ्याकडून कात्री मागून घेतली. रात्री उशिरापर्यंत एकेक टाका उसवत बसल्या. मी म्हटलं, वन्सं, एवढी चांगली कुंची कशाला उसवता? तर म्हणाल्या, शिवलेलं राहायला नको. ती पोर सुटली की परत शिवते."

मी पुडी घेऊन घरी आले. बारशाला बाळाला दुकानातली कुंची घातली. लेक म्हणाली, कुणाकडून तरी शिवून घे ना. मी घेते म्हटलं. मला स्वतःला शिवता येत नाही. मी धागे कापते.

नात आता उभी राहते. तिचं डोकं मोठं झालं आहे, कुंची तिला व्हायची नाही. ते तुकडे ट्रंकेत आहेत. उजेडात धरले की कडेने सुईची बारीक भोकं ओळीने दिसतात. ठेवून ठेवून कापडाला वास यायला लागला आहे. पण सुती कापड पाण्यात घातलं की भोकं बुजतात. म्हणून मी ते अजून धुतलेलं नाही.