दादाची मिशी आणि वहिनीचे चार इस्क्रू

आमच्या थोरल्या भावाची मिशी एवढी भारदस्त, की ती दिसली की मेडशीची एसटी आपोआप हळू व्हायची. गेल्या दसऱ्याला तीच पणाला लागली.

गावात त्या दिवशी मातीच्या ढिगासमोर लिंबू टांगतात अन् छर्र्याच्या बंदुकीनं फोडतात. दादा दोन वर्षं हरलेला. त्या वर्षी भर पारावर बोलून बसला, "लिंबू नाही फुटलं तर मिशी उतरवीन!"

बंदुकीवर त्यानं नवी दुर्बीण स्वतःच बसवली. तेव्हापासून छर्रा असा डावीकडे पळे, की त्याला बहुतेक अनसिंगची गाडी पकडायची असावी.

"नजर लागली बंदुकीले," दादा म्हणाला.

वहिनी शिलाई मशीनवरून उठली. बंदूक रिकामी असल्याची खात्री केली अन् दुर्बिणीची पकड पाहिली. "नजर कायची लागते! एक बाजू गच्च आवळली, दुसरी ढिली. दर धक्क्याले दुर्बीण मागं सरकून राह्यली. हा ओरखडा पाहा."

तिनं पकड खोलली, तेल पुसलं, ढिल्या बाजूला थंड पेयाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी सारली. मग चार इस्क्रू आवळले. या कोपऱ्यातला थोडा, समोरच्या कोपऱ्यातला थोडा. घड्याळवाल्यानंही हात जोडावे, असा हात! ढिगाला जुनं कॅलेंडर लावून ती एकेक छर्रा मारत दुर्बिणीचं बटन कट् कट् फिरवत राहिली. शेवटचे पाच छर्रे एकाच भोकातून गेले. सहावा तर भोक पाहून लाजला असता.

दसरा उजाडला. दादानं विळा, फवारणी पंप, ट्रॅक्टर, सगळ्यांची पूजा केली. बंदुकीचीही.

सलूनवाला वस्तरा घेऊन पहिल्या रांगेत. दादानं नेम धरला अन् बोंबलला, "मले निरा लालच दिसून राह्यलं! डोया गेला माह्या!"

बायांच्या घोळक्यातून वहिनी ओरडली, "अहो, काचीलेच कुंकू लावलं तुमी! पुसा ते!"

दादानं अंगठ्यानं काच पुसली. फट्! लिंबाच्या चिंधड्या, रस थेट सलूनवाल्याच्या डोळ्यात. दादानं ऐटीत मिशीला पीळ दिला, तर अर्धी मिशी लालभडक.

"पाहा, बंदूक अन् तुमी, दोघंही सजले," वहिनी म्हणाली.

आता तिनं ब्लाउजच्या उरलेल्या खणाची दुर्बिणीला टोपी शिवली आहे. पूजेत दादा कुंकू त्या टोपीलाच लावतो. अन् त्याआधी, कोणी पाहत नसलं की, तिच्या शिलाई मशीनला.