दाराखालची चार भोकं

दीनानाथ करंदीकर या माणसाबद्दल मला काहीही चांगलं सांगायचं नाही, हे आधीच सांगून टाकते. अकरा वर्षं आमची भिंतीला भिंत आहे. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या या गल्लीत मराठी घरं दोनच, आणि नशीब बघा, तीही एकमेकांना चिकटलेली. समोरची इंग्लिश म्हातारी मला परवा म्हणाली, "तुझा कझिन गाडी काय सुंदर चमकवतो!" कझिन! आमच्या अख्ख्या खानदानात असा माणूस झाला नाही.

उंच, किंचित वाकलेला, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघणारा. मूळचा पुण्याचा. सव्वीस वर्षं इथल्या बिझनेस पार्कमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात अख्खं आयुष्य गेलं, पण स्वतःची एक कबूल करेल तर शपथ. बायको नीना मात्र गोड. जवळच्या रीडिंग शहरात नोकरी करते, सकाळी स्टेशनला जाताना मला हात करते. तिच्या काचेच्या कन्झर्व्हेटरीतल्या कढीपत्त्यावर माझी फोडणी चालते. एवढी शहाणी बाई याच्याशी कसा संसार करते, देव जाणे.

सहा वर्षांपूर्वी हा गृहस्थ रिटायर झाला आणि त्याच महिन्यात ट्रेलरवरून एक भंगार घेऊन आला. सत्तर सालची अमेरिकन डॉज. रंग वांग्याचा, तोही जिथे गंज नव्हता तिथेच. घरांपुढचा गाड्या लावायचा ड्राइव्ह आमचा सामाईक आहे. त्यातला अर्धा त्या धुडानं खाल्ला.

गाडीची कथा तो कुणालाही ऐकवायचा. पोस्टमनलासुद्धा. नवीन नवीन या देशात आला तेव्हा रीडिंगला एका खोलीत एकटा राहायचा. बोलायला कुणी नाही. दर गुरुवारी टीव्हीवर एक डिटेक्टिव्ह मालिका लागायची, त्यातला पोलीस ही असली गाडी फिरवायचा. म्हणे तो एक तास बरा जायचा. शूटिंगला तशा दोन गाड्या होत्या. एक शेवटच्या भागात फोडली, दुसरी विकली गेली. ती दुसरी हीच, अँडोव्हरजवळच्या एका शेतातल्या शेडमध्ये सापडलेली. पुरावा काय? ड्रायव्हरच्या दाराखालच्या पत्र्यात चार भोकं. "इथे कॅमेऱ्याची ब्रॅकेट बसवलेली होती," असं म्हणून तो वाकायचा आणि भोकात बोट घालून दाखवायचा. पाहुण्यांनाही बोट घालायला लावायचा.

मी कशाला घालते! रविवारी सकाळी साडेसातला इंजिन सुरू. घरातले कप थरथरायचे. ड्राइव्हवर तेलाचे डाग, माझ्या हायड्रेंजियाची पानं धुरानं काळी. मी सांगायला गेले तर म्हणतो, "तेल गळतंय म्हणजे इंजिनात तेल आहे, वैजयंतीबाई. चांगलं लक्षण आहे." मी नागपूरची आहे, ऐकून घ्यायची सवय नाही. कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, अकरा तक्रारी केल्या, प्रत्येकीला फोटो जोडून. कौन्सिलनं त्याला दोन पत्रं पाठवली. त्यानं माझ्या बाजूच्या हेजची, म्हणजे झुडपांच्या कुंपणाची, उंची टेपनं मोजून उलट तक्रार केली. माझे मिस्टर, चंद्रशेखर, म्हणायचे, "सोड गं." मी सोडत नाही.

गणपतीच्या कार्यक्रमात इथल्या मराठी मंडळाच्या चाळीस माणसांसमोर मी म्हणाले, "टीव्हीतली कसली? कुठेतरी मिनीकॅब म्हणून भाड्यानं फिरली असेल." सगळे खो खो हसले. तेव्हापासून मंडळात त्याचं नाव 'टीव्हीवाले' पडलं. तोंडावर म्हणायचे लोक. त्याची मुलगी ऋजुता तेवढी हसली नाही, ताट ठेवून बाहेर गेली. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षीचा दसरा शनिवारी होता. सकाळी मी कचऱ्याचा बिन ठेवायला बाहेर आले तर हा गाडीला झेंडूची माळ बांधतोय. ताम्हणात हळदकुंकू, टायरखाली ठेवायला लिंबं. माझं तोंड राहतंय होय? मी म्हणाले, "चार भोकं पडलेली वस्तू पुजताय? तुमच्या पुण्यात खंडित मूर्ती पुजतात का? घरावर काहीतरी ओढवून घ्याल."

तो नेहमीसारखा उलटून बोलेल असं वाटलं होतं. पण तो नुसता माळ हातात धरून दाराखालच्या भोकांकडे बघत राहिला. दुपारी गॅरेजमधून वेल्डिंगचा आवाज आला आणि संध्याकाळी पूजा झाली तेव्हा दाराखालचा पत्रा सपाट होता. मी चंद्रशेखरना म्हणाले, "बघा, एका वाक्यात काम झालं."

या एप्रिलमध्ये केंब्रिजजवळच्या टीव्हीतल्या गाड्यांच्या एका प्रदर्शनाचा माणूस ती डॉज बघायला आला. तोवर गाडी खरंच देखणी झाली होती. तो माणूस दाराशी गुडघे टेकून बसला, टॉर्च मारला आणि विचारलं, "कॅमेरा माउंटिंगची भोकं कुठे आहेत?" माझी किचनची खिडकी उघडी होती, सगळं ऐकू येत होतं. दीनानाथनं त्याला स्वतःचे फोटो दाखवले. त्यात नुसता खरवडलेला पत्रा होता, दार काढलेलं, नंबर प्लेट नाही. तो म्हणाला, हा पत्रा कुठल्याही गाडीचा असू शकतो. भोकं आणि पूर्ण गाडी एकत्र दिसेल असं काही शुक्रवारपर्यंत दाखवा, नाहीतर सॉरी.

तो गेल्यावर इथेच वाढलेली ऋजुता तिच्या मोडक्या मराठीत बापावर ओरडत होती. "बाबा, तू ते भोकं का बुजवला? सगळा प्रूफ गेला ना!" नीनाही बोलत होती. तो एवढंच म्हणाला, "दिसायला वाईट दिसत होती."

बुधवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात दीनानाथ. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"कौन्सिलला पाठवलेले फोटो आहेत तुमच्याकडे?"

असणारच की! तेलाचे डाग दिसावेत म्हणून मी खाली वाकून काढले होते. त्यात अख्खी गाडी, नंबर प्लेट, मागे त्याचंच घर, आणि डागाच्या बरोबर वर ती चार भोकं. कौन्सिलच्या पोचपावतीवर तारीख.

"आहेत," मी म्हणाले. "आधी माफी मागा. अकरा वर्षांची."

"मागणार नाही. फोटो द्या."

"फुकटचा तोरा कुणाला दाखवताय? मंडळात सगळे खोटारडा म्हणतात तुम्हाला. गरज तुम्हाला आहे."

"तुमच्यामुळे म्हणतात," तो म्हणाला. पहिल्यांदाच माझ्या कपाळाकडे न बघता डोळ्यांत बघत होता. "आणि भोकंही तुमच्यामुळेच बुजवली."

"मी गमतीत बोलले. तुम्ही लहान आहात का?"

"दसऱ्यानंतरच्या सोमवारी नीनाचा रिपोर्ट यायचा होता. छातीत गाठ होती. तिनं ऋजुतालासुद्धा सांगितलं नव्हतं. आणि शनिवारी तुम्ही येऊन म्हणालात, घरावर काहीतरी ओढवून घ्याल."

मी अर्धवट लावलेलं दार पूर्ण उघडलं.

"रिपोर्ट चांगला आला. भोकं बुजवली म्हणून आला नाही, एवढं मला कळतं. पण त्या शनिवारी कळत नव्हतं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बुजवीन." मग हात पुढे केला. "तिला यातलं काही सांगू नका. मी असा घाबरलो होतो हे तिला कळायला नको. फोटो द्या."

मला शरम वाटली. सरळ लिहिते, शरम वाटली. त्या काळात ती बाई रोज सकाळी मला हात करून स्टेशनला जात होती. मी आत गेले आणि अख्खी फाईलच आणून त्याच्या हातात दिली, तक्रारींसकट. त्यानं तिथेच उभं राहून पहिलं पान वाचलं.

"यात तुम्ही गाडीला भंगार म्हटलंय."

"होतीच."

थँक्यू न म्हणता तो निघून गेला.

शुक्रवारी प्रदर्शनाकडून होकार आला. शनिवारी सकाळी नीना कुंपणापाशी आली, हातात कढीपत्ता. खुशीत होती, पण नवऱ्यावरचा राग काही गेला नव्हता. "बघा ना वैजयंती, एवढा जिवाला घोर. यांना कुणी सांगितलं होतं ती भोकं बुजवायला? इतकी वर्षं जगाला दाखवत फिरले आणि एका दिवसात वेल्डिंग करून मोकळे! डोकं फिरलंय नुसतं. आठवडाभर मी आणि ऋजुता झापतोय, पण तोंडातून शब्द नाही."

गप्प बसले असते तर कढीपत्ता मिळाला असता आणि नीनाशी मैत्रीही राहिली असती. त्या माणसानं तर आपणहून माझं नाव झाकलं होतं.

"मी सांगितलं होतं," मी म्हणाले. "दसऱ्याला. खंडित वस्तू पुजू नये म्हणाले. मुद्दाम, त्यांना बोचावं म्हणून."

नीना माझ्याकडे बघत राहिली. दसरा कुठल्या आठवड्यात होता ते तिनं मनाशी मोजलं असावं, कारण हळूहळू तिचा चेहरा बदलत गेला. कढीपत्ता तसाच हातात घेऊन आत गेली आणि किचनचं दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी ड्राइव्हवर दीनानाथ मला अडवून उभा राहिला. "सांगू नका म्हटलं होतं ना?"

"तुमचं सांगितलं नाही. माझं सांगितलं."

"रात्रभर रडत होती ती."

तो गाडीत बसला, दार आपटलं आणि केंब्रिजला न्यायच्या आधी इंजिन तापवायला म्हणून सुरू केलं. साडेसात वाजले होते. मी घरात आले, खिडकी लावून घेतली आणि थरथरणारे कप एकेक करून खाली काढून ठेवले. फोन टेबलावरच होता. तक्रारीसाठी फोटो मी काढला नाही.