डॉटीच्या पिंजऱ्यातली साखळी

एरल पॅस्कोचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. आमच्या कारखान्यात लोखंडाला जस्ताचा मुलामा देत, आणि पहिली पाळी पाचची. एरल किटली ठेवायचा, मग डॉटीच्या पिंजऱ्यावरचं फडकं काढायचा. आतल्या खोलीतून त्याची बायको मर्ल ओरडायची, "एरल, किटली! की मी उठू?" ती कधी उठली नाही. एकतीस वर्षं तिला चहा पलंगावर मिळाला.

डॉटी म्हणजे गुलाबी छातीची, राखाडी पंखांची काकाकुवा. पिल्लू असताना मर्लने तिला रस्त्याच्या कडेवरून उचलून आणलं होतं.

वितळलेल्या जस्ताच्या टाकीवर मी एरलबरोबर बावीस वर्षं काढली. त्याने बुडवलेला तुकडा कधी तक्रार होऊन परत आला नाही. कुणी घाई केली तर म्हणायचा, "घरी जायचंय ना? मग एकदाच नीट कर."

आमच्यात एक रीत होती. निवृत्तीच्या दिवशी माणूस शेवटचा एक तुकडा स्वतःसाठी बुडवायचा. कुणी फाटकाची कडी, कुणी होडीचा नांगर. एरलने एक बारीक साखळी बुडवली. त्याचा बेत होता: कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घ्यायची, मर्लला उत्तरेला उबेत न्यायचं, संध्याकाळी त्या साखळीला कंदील टांगायचा. पैसे साठले होते. सात महिन्यांनी मर्ल कॅन्सरने गेली. साखळी शेडमध्ये खिळ्याला राहिली.

एरल तरी पावणेचारलाच उठायचा. फडकं काढलं की डॉटी ओरडायची, "एरल, किटली! की मी उठू?" आवाज हुबेहूब मर्लचा. वर तिचा शेवटच्या दिवसांतला खोकला. एरल म्हणायचा, "आता एवढीच उरलीय ती."

त्या हिवाळ्यात डॉटी छातीची पिसं उपटू लागली. कातडी दिसायला लागली.

"कंटाळलीय ती," मी म्हणालो. "काहीतरी खेळणं दे."

दुकानात मी त्याच्याबरोबर होतो. एरलने एकेक खेळणं हातात घेतलं. दोरीचं पाहिलं. "धागे सुटलेत. नख्या अडकतील." प्लास्टिकचं अंगठ्याने दाबलं, ते तडकलं. "याचे तुकडे ती गिळेल." घंटीची फट पाहिली. "यात चोच अडकेल."

दुकानातली पोरगी म्हणाली, "आजोबा, घेणार आहात की परीक्षा घेताय?"

"परीक्षाच. सगळी नापास."

मग त्याने स्वतः केलं. अंगणातल्या निलगिरीची फांदी कापली, धुतली, वाळवली, ठोकळे पाडून भोकं पाडली. रंग नाही, गोंद नाही, कातड्याच्या पट्ट्याही बिनरंगी. तीन दिवस लागले. टांगायला काय घ्यावं, एवढाच प्रश्न उरला.

"शेडमध्ये तुझी साखळी आहे की," मी म्हणालो. हे मी म्हणालो.

"मर्लसाठी केली होती," तो म्हणाला.

"मग डॉटीला शोभेलच."

जस्ताची भीती आम्हाला कशी वाटणार? इथे सगळे पत्र्याच्या टाकीतलं पावसाचं पाणी पिऊन वाढले, आणि त्या पत्र्यावर मुलामा जस्ताचाच. एरलने साखळीवर गोठलेले जस्ताचे टोचणारे थेंब कानशीने घासले आणि फडक्याने पुसून घेतले.

डॉटीने ठोकळे सोडले आणि साखळीच धरली. दिवसभर कडी न् कडी चावायची. "बाईसाहेबांना दागिना मिळाला," एरल हसत म्हणाला. मर्ल गेल्यावर तो पहिल्यांदाच हसला. पिसं उपटणं थांबलं.

तिसऱ्या आठवड्यात डॉटी वाटीमागून वाटी पाणी पिऊ लागली. विष्ठा गडद हिरवी झाली. मग एका सकाळी ती दांडीवरून खाली पडली.

पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी क्ष-किरणाचा फोटो दाखवला. पोटात पांढरे ठिपके.

"जस्त आहे. पिंजऱ्यात काय टांगलंय?"

एरलने सांगितलं. "पण आम्ही जन्मभर टाकीचं पाणी पितोय, बाई."

"तुम्ही टाकी चावत नाही, एरल. आणि ही जेमतेम तीनशे ग्रॅमची आहे. टांगायला स्टेनलेस स्टील हवं होतं."

एरलने मान डोलावली. माझं नाव त्याने तिथे घेतलं नाही, नंतरही नाही. मीच एकदा म्हणालो, "साखळी मी सुचवली."

"बुडवली मी," तो म्हणाला. "मुलामा जाड बसावा म्हणून दोनदा."

तो रोज दवाखाना उघडताच जायचा आणि बंद होईपर्यंत डॉटीला ठेवलेल्या काचेच्या उबदार पेटीशेजारी बसायचा. डॉटी बोलत नव्हती. नवव्या दिवशी दुपारी तिने एक डोळा उघडला आणि म्हणाली, "एरल, किटली." पुढचं तिला जमलं नाही. तिथल्या परिचारिकेला वाटलं, म्हातारबुवांना चहा हवाय. तिने कप आणून दिला. एरलने तो दोन्ही हातांत धरून ठेवला, प्यायला नाही.

अकराव्या दिवशी डॉटी गेली.

बेचाळीस वर्षांच्या मजुरीतून कॅराव्हॅनसाठी जे साठलं होतं, ते एरलने तिथे भरलं. त्यातून अकरा दिवसांची इंजेक्शनं झाली, नळीने भरवणं झालं, ती उबदार पेटी झाली. आणि नवव्या दिवसाची ती दुपार.