पांढऱ्या कापसात लाल घड्याळ

आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, स्मार्टवॉच घ्यायची वेळ आली ती कापसामुळं. धोतर पांढरं, सदरा पांढरा, टोपी पांढरी, असा हा माणूस शुगरची गोळी घेऊन, न्याहारी न करता, फुटलेल्या कापसात शिरला आणि चक्कर येऊन पडला. आईला मोतीबिंदूमुळं लांबचं अंधुक दिसतं. ती हाका मारत तासभर शेतात फिरली, दोनदा त्यांच्या अगदी जवळून गेली, पण तिला जिकडंतिकडं कापूसच दिसला. शेवटी कुत्र्यानं शोधलं.

मी गेवराईहून सिरसाळ्याला पोचले तेव्हा आबा बाजेवर बसून चहा पीत होते. "एवढ्या लांबून कशाला आलीस? काय धाड भरलीय मला?" माझं डोकंच सटकलं. शाळेत चाळीस पोरं माझं ऐकतात, घरातला एक म्हातारा ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी दोघांना जीपमध्ये घालून परळीला नेलं. पडल्यावर आपोआप फोन लावणारं घड्याळ मिळतं, असं मी वाचलं होतं.

आईला दुकानासमोरच्या रसवंतीत बसवलं. दुकानदारानं काचेवर सगळे रंग मांडले आणि आबांची परीक्षा सुरू झाली.

काळा? "नजर लागू नये म्हणून लेकरांला बांधतेत काळं. माझ्याकडं कोण बघतंय?" सोनेरी? "ह्ये नवरदेवाचं. मला काय पुन्यांदा बोहल्यावर चढवायलीस?"

दुकानदारानं मॅट फिनिशचं करडं घड्याळ पुढं केलं. आबांनी त्यावरून अंगठा फिरवला. "ह्ये वापरलेलं हाय."

"नाही ओ काका, नवीन फॅशन आहे ती."

"चकाकी गेलेलं भांडं आमी मोडीत घालतो, तुमी नवं म्हनून इकता व्हय?"

मग चकचकीत चंदेरी आलं. आबांनी त्यात आपली मिशी बघितली. "आरशावानी हाय. पारावर बसलो तर लोकं माझा हात धरून भांग पाडतेन."

उरले दोन पट्टे, पिवळा आणि लाल. आता गावात ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर. दोन पॅनल, एकाचे गमछे पिवळे, दुसऱ्याचे लाल. आबा दोन्हीकडचा चहा पितात, म्हणून तर भांडणं मिटवायला सगळे त्यांच्या ओसरीवर येतात. पिवळा घातला तर लालवाले यायचे बंद. लालचं तर नावच नको, कारण माझे धाकटे चुलते पिवळ्या पॅनलमधून उभे होते.

तास गेला. दुकानदारानं आम्हाला दुसऱ्यांदा चहा पाजला. मी फुटलेच. "रंग बघत बसा तुमी! तिकडं शेतात मरून पडाल आन् आमाला कळायचंबी न्हाई!"

दुकानातली माणसं वळून बघायला लागली. आबा मात्र शांत. "मी पडलो तर ह्ये कुणाला सांगतंय?"

"तुमच्या मोबाईलवरून मला."

"मोबाईल तर हिरीवरच्या मोटारीच्या पेटीवर आसतो."

"खिशात ठेवा ना मग!"

"वाकलं की पडतो. आन् तू गेवराईत. माझ्याजवळ कोन आसतंय? तुझी माय."

आबांनी सगळी घड्याळं उचलली आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. दुकानदार घाबरून मागं धावला. आबांनी एकेक घड्याळ हात उंच करून धरलं आणि रस्त्यापलीकडं ओरडले, "दिसलं का गं?"

आई रसाचा ग्लास धरून डोळे बारीक करायची आणि मान हलवायची. काळं नाही, करडं नाही, चंदेरी नाही. पिवळ्याला ती म्हणाली, "कायतरी हाय वाटतं." मग आबांनी लाल धरलं.

"लाल हाय की हो ते!" आई तिथूनच ओरडली.

"ह्येच द्या," आबा दुकानदाराला म्हणाले. "चकचकीत द्या." मी पर्स उघडायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. रडू आलं होतं मला.

गावात जीपमधून उतरेपर्यंत बातमी आमच्याआधी पोचली होती. संध्याकाळी चुलते पिवळा गमछा गळ्यात घालूनच आले. "दादा, सख्खा भाऊ तुमी! आजच लाल व्हायचं सुचलं?" लई बोलले. आबांनी त्यांना बोलू दिलं आणि मग म्हणाले, "वैनीला इचार, तिला काय दिसतं." आईनं सगळं सांगितलं. चुलते खाली मान घालून चहा प्याले आणि निघून गेले. मला वाटलं, तुटलं आता.

तिसऱ्या दिवशी ते सकाळीच हजर. हातात कोरा, भडक लाल गमछा. विरोधी पॅनलच्या प्रचाराच्या टेबलावर जाऊन, चारचौघांत मागून आणलेला.

"दादा, वाकल्यावर हात कापसात जातो, घड्याळ दिसत न्हाई," ते म्हणाले. "ह्यो डोक्याला बांधा."

चुलते निवडणुकीत आपटले, तेही थोडक्या मतांनी. गावात अजून म्हणतात, स्वतःच्या हातानं भावाला लाल गमछा बांधणाऱ्याला कोण मत देणार. चुलते हसतात आणि तंबाखू मळतात.

मी रोज शाळेच्या मधल्या सुट्टीत आईला फोन लावते. ती बांधावर बसलेली असते.

"दिसतेत का गं आबा?"

"दिसतेत बाई. लाल हलतंय."

मग मी जेवायला बसते.